३ मीटरची गाईड रेल : कापावी का, आणि कापलीच तर कुठे?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. सुतारकामाच्या विभागात पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे मकिताची एसपी ६००० ट्रॅक सॉ (रेलवरून सरकत सरळ कापणारी गोल पात्याची सॉ) आहे, १६५ एमएम पात्याची. रेल घेतली नव्हती. गवंड्याकडे असते तशी ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करायची आणि तिच्या कडेने सॉ चालवायची, असं भागवत होतो. परवा ओळखीच्या एका मिस्त्रींनी वर्कशॉप आवरलं, तेव्हा त्यांची मकिताचीच ३००० एमएमची रेल निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. एक डोळा मिटून पाहिलं, कुठे पोट आलेलं नाही. कडेची रबरपट्टी बदलावी लागेल, बाकी ठणठणीत.

अडचण घराची आहे. डोंबिवली, सात मजली इमारत, आमचा चौथा. लिफ्ट आतून ११०० रुंद, १४०० खोल आणि २१०० उंच. घरात फरशीपासून छत २८५०, म्हणजे रेल उभी राहत नाही. सध्या सोफ्यामागे आडवी पडली आहे आणि आई रोज विचारते, "हा खांब कधी हलणार?" काम गच्चीत करतो, तीही रविवारी दुपारपर्यंतच मिळते, म्हणजे दर वेळी जिन्याने तीन मजले वर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठड्याच्या बाहेर काढून फिरवावी लागते.

डोक्यात दोन पर्याय आहेत. मधोमध कापून १५०० + १५००, किंवा १४०० + १६००. आठ फुटी कट आलाच तर जोडपट्ट्या लावून परत एक करायची. पण एकदा कापली की कापली, म्हणून आधी विचारतो. कापावी का? कुठे? आणि कशाने?

सुतारपक्षी

कापू नका.

मी नाशिकला फर्निचरची कामं घेतो. ३ मीटर सलग रेल ही चीज वेगळीच आहे. आठ फुटी शीट उभी फाडताना सॉ एकदा या टोकाला ठेवली की त्या टोकालाच उचलायची, मधे कशाचा विचार नाही. जोडलेली रेल कितीही चांगली जोडा, सांध्यावरून सॉ जाताना हात आपोआप हळू होतो. हात थांबला की तिथे पातं घासून काळा डाग पडतो, सनमायका लावलेली असेल तर कड उडते.

तुमच्या भागात साईटवर काम करणारा एखादा कंत्राटदार शोधा. त्याच्याकडे १४०० किंवा १५००ची असेल, त्याला ३००० हवी असेल. अदलाबदल करा, वरचे पैसे घ्या. मात्र हे जवळपासच जमवा. तीन मीटरची वस्तू पार्सलने पाठवायची तर ट्रान्सपोर्टवाला कशी टाकेल आणि ती कशी पोचेल याचा भरवसा नाही.

आडवातिडवा

रेल कापण्यापेक्षा फ्लॅट वाढवा. डोंबिवलीत रिडेव्हलपमेंट जोरात आहे, बिल्डरला सांगा की छत ३१०० पाहिजे, कारण सांगू नका.

पटाशी

चौथा_मजला, रेल बाजूला ठेवा क्षणभर. तुम्ही कापता काय, ते सांगा. गेल्या वर्षभरात केलेल्या कामांच्या कटिंग लिस्टा असतील तर त्या काढा. सगळ्यात लांब कट किती, सगळ्यात जास्त वेळा होणारा कट किती, आणि अख्खी आठ बाय चार शीट तुमच्या गच्चीपर्यंत येते तरी का?

मी कोल्हापूरला घराच्या मागच्या पडवीत काम करते. मला जागेची अडचण नाही, तरी ३ मीटरची रेल महिनोन्महिने भिंतीवरून खाली उतरत नाही. म्हणून विचारलं.

चौथा_मजला

पटाशीताई, हे लिहायला बसलो तेव्हाच चित्र बदलायला लागलं.

आतापर्यंत पुस्तकांचं कपाट, टीव्ही युनिट, किचन ट्रॉलीची शटरं, लॉफ्टची शटरं आणि आईबाबांचा पलंग एवढं केलं. अख्खी शीट वर येत नाही. लिफ्टमध्ये बसत नाही आणि हमाल मजल्यागणिक पैसे घेतात, तेही कुरकुरत. त्यामुळे दुकानदाराच्या पॅनेल सॉवरच (शीट कापायच्या मोठ्या यंत्रावर) आठ फुटी उभ्या पट्ट्या पाडून घेतो, कधी दोन फुटी, कधी सोळा इंची. त्या जिन्याने मी आणि भाऊ आणतो.

म्हणजे घरी उरतं ते असं : दोन फुटी पट्ट्या आडव्या कापायच्या (६१०), शटरं छाटायची (७१०च्या आसपास), आणि सगळ्यात लांब म्हणजे पलंगाची बाजूची फळी, सव्वासहा फूट (१९०५). अख्खा आठ फुटी कट? दुकानातली कड खराब निघाली म्हणून एकदा घेतला होता, पट्टी सरकवत सरकवत.

पटाशी

मग १४०० + १६०० कशाला?

ही दोन्ही जुळी भावंडं होतील. १६०० जे कापेल ते जवळजवळ सगळं १४०० पण कापेल, आणि तुमची १९०५ची फळी दोघांपैकी एकालाही कापता येणार नाही. त्या फळीसाठी प्रत्येक वेळी जोडत बसाल. आणि ६१०च्या कटासाठी दोघीही लांबच आहेत, टेबलाबाहेर लोंबणार. १५०० + १५००ची तर गोष्टच सोडा. मधोमध कापणं सोपं वाटतं, कारण त्यात काही ठरवावं लागत नाही.

लोक रेलच्या लांबीकडे बघून कापतात. आपण आपल्या कटांकडे बघून कापायची. तुमच्या यादीत दोन ढीग आहेत. एक सातशेच्या आतला, रोजचा. दुसरा १९०५, अधूनमधूनचा. म्हणून मी असते तर २१०० + ९०० केली असती. लांब तुकडा पलंगाला पुरतो, छोटा बाकी सगळ्याला. दोन्ही जोडल्या की आठ फूट आहेतच.

आता २१००च का, २००० का नाही, तर कटाच्या दोन्ही बाजूंना रेल बाहेर हवी. किती, ते मोजता येतं. १८ एमएमचा प्लाय, खाली थर्माकोल किंवा टाकाऊ प्लाय, पातं ३ एमएम जास्त उतरवलेलं. म्हणजे प्लायच्या वरच्या पातळीखाली २१ एमएम पातं. १६५च्या पात्याला त्या पातळीवर मध्यापासून पुढेमागे साधारण ५५-५५ एमएम लागतात. सुरुवातीला पातं हवेत उतरवून मग लाकडात न्यायचं तर पात्याचा मध्य कडेच्या ५५ एमएम अलीकडे हवा, आणि तेव्हा सॉच्या बेसचा अर्ध्याहून जास्त भाग रेलवर टेकलेला हवा. म्हणून सुरुवातीच्या बाजूला १२० तरी सोडा. शेवटाला इतकं लागत नाही. खालची कड पात्याच्या पुढच्या भागानेच आधी सुटते, मध्य कडेपर्यंत पोचण्याआधीच. तिथे ६० पुरतं, तेही मुख्यतः क्लॅम्पसाठी, कारण खालच्या खाचेत सरकवलेला क्लॅम्प प्लायच्या कडेबाहेर उभा राहतो.

१२० + ६० = १८०. म्हणूनच १४००ची रेल चार फुटी शीटला (१२२०) बरोब्बर पुरते, हा योगायोग नाही. तुमच्या १९०५ला १८० मिळवा : २०८५. म्हणून २१००.

सुतारपक्षी

हिशोब पटला. पण तरी कापू नका :)

मायक्रॉन

(पिंपरी, टूलरूममध्ये हाडं झिजवली आहेत.)

दोन मुद्दे.

एक, लिफ्ट. लिफ्टचा कोपरा ते विरुद्ध कोपरा, वरखाली धरून, तुमच्या मापांनी २७५० निघतो. म्हणून कोणी म्हणेल २७०० करा, बसेल. बसणार नाही. रेल काठी नाही, १९० रुंद आहे, आणि ती दरवाजातूनच आत वळवायची आहे. बाजूची भिंत (१४०० खोली) आणि उंची यांचा तिरपा कर्ण २५२० आहे, त्यात २१०० आरामात जाते. पटाशी यांचं माप लिफ्टच्या बाजूनेही बरोबर बसतंय.

दोन, सांधा. लोकांची समजूत अशी की कापलेली टोकं एकदम गुण्यात (काटकोनात) असली आणि घट्ट भिडवली की रेल सरळ. उलट आहे. १९० रुंदीत टोक ०.१ एमएम जरी गुण्याबाहेर असेल, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदाच्या जाडीएवढं, आणि तुम्ही दोन्ही टोकं दाबून भिडवलीत, तर तो कोन पुढे लांबत जातो. मधोमध जोडलेल्या ३ मीटरच्या रेलला त्याने जवळपास ०.४ एमएमचं पोट येतं. दोन पट्ट्या कडेला कड लावून चिकटवणार असाल तर दोन्हींचं मिळून ०.८. फेविकॉल एवढं भरून काढत नाही. २१०० + ९०० मध्ये तेच ०.३३ येतं. थोडं कमी, पण त्यासाठी म्हणून ते माप घेऊ नका, फरक किरकोळ आहे.

उपाय : टोकं भिडवूच नका. मधे एक एमएम फट ठेवा आणि सरळपणा टोकांवरून न घेता मागच्या कडेवरून घ्या. चांगली सरळपट्टी मागच्या कडेला टेकवायची, दोन्ही तुकडे तिला दाबून धरायचे, मग जोडपट्टीचे स्क्रू आवळायचे. जोडपट्ट्या दोन लावा, वरच्या खाचेत एक आणि खालच्या खाचेत एक. स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे. एकच पूर्ण आवळला की तो तुकडा उचलला जातो. सॉ त्या फटीवरून जाताना कळतही नाही, बेस तिच्याहून कितीतरी लांब आहे.

आणि एक युक्ती, जी फार कमी जण करतात. कापल्यावर डावा तुकडा डावीकडे आणि उजवा उजवीकडे ठेवून जोडू नका. जागा बदला. म्हणजे कारखान्यात कापलेली दोन मूळ टोकं मधे येतात आणि तुमचा नवा काप दोन्हीकडे बाहेर जातो. रेल फिरवायची नाही, फक्त क्रम बदलायचा. रबरपट्टी त्याच बाजूला राहते. तुमचा काप थोडा वाकडा आला तरी मग काही बिघडत नाही.

चौथा_मजला

क्रम बदलायचं वाचून वहीवर दोन आयत काढून बघितले. खरंच की!

नेकरकाठ

स्टुटगार्टजवळून. फेस्टूलचं गाव वेंडलिंगेन इथून फार लांब नाही, त्यामुळे रेलप्रकरणी दोन शब्द बोलायचा हक्क बजावतो.

कंपन्यांच्या लांब्या बघा. फेस्टूल : ८००, १०८०, १४००, १९००, २७००, ३०००, आणि चक्क ५०००. बॉश : ८००, ११००, १६००, २१००, ३१००. मकिता : १०००, १४००, १५००, १९००, ३०००. बॉशने २१०० आणि ८०० ठेवलीय, म्हणजे पटाशी यांचं २१०० + ९०० काही आगळंवेगळं नाही.

पण या लांब्या युरोपच्या शीटवरून आलेल्या आहेत, हे विसरू नका. इथे मेलामाइनची शीट २८०० बाय २०७० असते. ती घरी कोणी आणत नाही. दुकानातच यंत्रावर कापून मिळते आणि मग गाडीत मावते. माझं वर्कशॉप तळघरात आहे, तिथे जाणारा जिना गोल. माझ्याकडे १४००च्या दोन आहेत, न कापता घेतलेल्या. आठ फुटी शीट, हमाल, मजला हे सगळं तुमच्याकडचं गणित वेगळं आहे, त्यामुळे इथल्या व्हिडिओंवरून लांबी ठरवू नका.

आणि हो, ३२ एमएमच्या अंतराने भोकं असलेली रेल असेल तर ती कापताना भोकावरून काप जाणार नाही हे बघा. तुमची साधी असावी.

चौथा_मजला

साधीच आहे, भोकं नाहीत.

पटाशी

अजून एक. कापायची घाई करू नका. रेलवर ९००च्या जागी मास्किंग टेप आडवी चिकटवा आणि पुढचं एखादं काम तसं करा. टेपच्या पलीकडची रेल नाहीच असं समजायचं. सॉचा बेस टेपच्या पलीकडे टेकला तर फाऊल. मग दुसऱ्या टोकाने २१०० मोजून तसंच. टेप हलवायला पैसे पडत नाहीत.

आडवातिडवा

+१. आणि फाऊल झाल्यावर आईंना शिट्टी द्या.

सेक्शनवाला

पनवेलला ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे करतो. डोमल, स्लायडिंग, पार्टिशन, सगळं. "कशाने" या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

लोखंड कापायच्या चकतीने कापू नका. ॲल्युमिनियम मऊ असतं, वितळल्यासारखं होऊन चकतीत भरतं. चकती कापायची थांबते आणि नुसती घासत तापते. ताप धरला की रेलच्या पातळ पाळ्या वाकतात, आणि भरलेली चकती फुटायचीही भीती. वेल्डिंगच्या दुकानात "दोन मिनिटांत करून देतो" म्हणतील, तिथून निघा.

आमच्यासारख्याकडे या. कार्बाइडचं, भरपूर दातांचं, ॲल्युमिनियमसाठी दातांना उलटा कल दिलेलं पातं लागतं. लाकडाचं पातं दात पुढे झुकल्यामुळे सेक्शन ओढून घेतं. एक गोष्ट मात्र आधीच विचारा : तुमची रेल १९० रुंद आहे. १० इंची साध्या मशीनवर एवढी रुंदी एका वेळी बसत नाही. पुढे सरकणारं मशीन हवं किंवा मोठ्या पात्याचं. अर्धं कापून, रेल उलटी करून, उरलेलं कापलं तर मधे पायरी येते.

येण्याआधी घरी एवढं करा. कापाच्या जागेपासून दोन्हीकडे चार बोटं वरच्या पट्ट्या, ज्यावरून सॉ घसरते त्या, हलक्या हाताने उचलून मागे दुमडा. खालच्या फोमच्या पट्ट्याही. कडेची रबरपट्टी तर काढूनच टाका, ती तशीही बदलणार आहात. पट्टी तशीच ठेवून कापलं की चिकट गोंद पात्याला बसतो आणि काप फाटतो. खाली सपाट लाकूड द्या म्हणजे पोकळ भाग दबत नाही. पात्याला मेणबत्ती घासा.

कापल्यावर खरं काम कानशीचं. बाहेरची बर (कापाच्या कडेला उरणारी धातूची धारदार कोर) सगळे काढतात. खाचेच्या आतल्या तोंडाला जी बर राहते ती राहून जाते, आणि मग जोडपट्टी आत जाता जाता अडते. बारीक चौकोनी कानस घ्या, खाचेच्या चारही आतल्या कडांवरून दोन-दोन हात. बोट घालून बघू नका, कापतं.

चौथा_मजला

सेक्शनवाला दादा, हॅक्सॉने घरीच जमणार नाही का?

सेक्शनवाला

जमतं. बारीक दातांचं पातं, रेलला दोन्ही बाजूंनी लाकडाचे सरळ ठोकळे क्लॅम्प करून त्यांच्या मधून. पण ठोकळे गुण्यात लावायला जो वेळ जाईल त्यात रिक्षाने येऊन चहा पिऊन जाल.

सुतारपक्षी

मंडळी, कापणाऱ्यांचं बहुमत झालंय, तर शेवटचं सांगतो. माझा विरोध कापण्याला नाही, उद्याच्या कामाला आहे. आज तुम्ही पट्ट्या दुकानात पाडून घेता, कारण तुमच्याकडे चांगली रेल नव्हती. आता रेल आली. दुकानाच्या पॅनेल सॉची कड कशी येते ते तुम्हीच वर लिहिलंय. पलंगानंतर वॉर्डरोब येणार, वॉर्डरोबच्या बाजू सात फुटी. तेव्हा २१०० अपुरी पडेल आणि तुम्ही दर वेळी जोडत बसाल.

पटाशी

मुद्दा बिनतोड आहे. सात फूट म्हणजे २१३५, त्याला २३१५ लागेल. पण सुतारपक्षी, वॉर्डरोबच्या दोन बाजू, एक मधली फळी, दोन-चार शटरं. एका वॉर्डरोबला एकदाच जोडायची, सगळे सात फुटी कट एका बैठकीत उरकायचे, मग सोडायची. तेवढ्यासाठी रोजच्या सातशेच्या कटाला ३ मीटरचा खांब वागवायचा का? तुमच्या वर्कशॉपला ते परवडतं. यांना गच्ची रविवारी दुपारपर्यंतच मिळते.

सुतारपक्षी

हे मान्य. पण तरी मी कापली नसती.

चौथा_मजला

थोडा उशीर झाला, पण टेपचा प्रयोग करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

लॉफ्टची उरलेली शटरं आली होती, ७१० बाय ४५०. आधी मी स्वतःचं डोकं चालवून टेप ९५०ला लावली, म्हटलं थोडं जास्त असू दे. छोट्या बाजूला मजा आली. रेल टेबलावर मावते, एका हाताने उचलते, गुण्या लावून दोन क्लॅम्प मारले की झालं. पण मग उरलेल्या २०५०वर १९०५चा कट नुसता मांडून बघितला. सुरुवातीला १२० सोडले की शेवटी २५ उरतात. क्लॅम्पचं तोंड खाचेत जातं, पण सॉ टोकाला आली की रेल त्याच्यावर डुगडुगते. टेप परत ९००ला आणली. शटरं तिथेही व्यवस्थित झाली, ७१०ला १९० शिल्लक राहतात. तेव्हा २१०० + ९०० पक्कं. सुतारपक्षी, वॉर्डरोबचा मुद्दा लक्षात आहे, जोडपट्ट्या दोन्ही घेतल्या.

कापून आणली. ठाकुर्लीच्या एका खिडकीवाल्याकडे सरकणारं मशीन होतं. तो आधी म्हणाला "ठेवून जा, उद्या न्या". मी म्हटलं समोरच कापा. त्याने रेल मशीनवर ठेवली, मी खाली प्लायची पट्टी सरकवली, गुण्या लावून बघितला, तो हसला आणि त्यानेही स्वतःचा गुण्या लावून बघितला. काप चकचकीत आला. पात्यात ३ एमएम गेले, त्यामुळे छोटा तुकडा ८९७ आहे. जोडल्यावर फट धरून २९९८, आठ फुटांना अजून साडेपाचशे वर.

खाचेच्या आत खरंच बर होती. बाहेरून काही दिसत नव्हतं, जोडपट्टी मात्र तोंडाशीच अडकली. कानस फिरवल्यावर सरकन गेली.

रात्री पॅसेजमध्ये क्रम बदलून जोडली. सरळपट्टी म्हणून गवंड्याचीच पट्टी घेतली होती, पण ती आधी उलटसुलट करून तपासली. पट्टीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची, पट्टी फिरवून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ. दोन रेघांमधे मधोमध फट दिसली, म्हणजे पट्टीलाच पोट. मग दुकानातून आणलेल्या एमडीएफच्या शीटची कारखान्याची कड वापरली, तिच्या दोन रेघा एकावर एक आल्या.

रविवारी गच्चीत दोन आठ फुटी पट्ट्यांच्या कडा कापल्या आणि कडेला कड लावून उन्हाकडे धरल्या. एका टोकाला, सांध्याच्या बाजूला, उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. स्क्रू सैल करून परत शीटच्या कडेला दाबून आवळले, पुन्हा कापल्या. मग रेघ दिसली नाही.

आता २१०० लिफ्टमधून तिरपी जाते. ८९७ दारामागे खुंटीला. सोफ्यामागे जागा झाली, तिथे आईने लगेच घडीचं टेबल सरकवलं.

मायक्रॉन

पेन्सिलच्या दोन रेघा, क्या बात. आमच्याकडे ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर जे करतात त्याचंच हे गच्चीवरचं रूप.

रबरपट्टी नवी लावताना एक करा : दोन्ही तुकड्यांवर स्वतंत्र लावा, सांध्यावरून सलग नको. आणि नव्या कापलेल्या टोकाशी पट्टीच्या शेवटाखाली फेविक्विकचा एक थेंब. पट्टी नेहमी टोकाकडून सुटायला लागते.

चौथा_मजला

पट्टी लावली. पहिल्यांदा सॉ चालवल्यावर ती पात्याच्या रेषेत छाटली जाते ते बघायला भारी वाटलं. आता पट्टीची कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, की काप तिथेच.

सुतारपक्षी

अभिनंदन. आता कधी सॉ बदललीत तर ती पट्टीही बदला, दुसऱ्या सॉचं पातं त्याच रेषेत येईलच असं नाही.

नवखा_सुतार

वाचनखूण साठवली. धाग्याला थोडं अवांतर : मला बॉशची २१०० एमएमची रेल स्वस्तात मिळते आहे. सॉ मात्र मकिताची. चालेल का?

नेकरकाठ

नाही चालणार. मकिता आणि फेस्टूलच्या रेल एकमेकींच्या सॉना चालतात. मकिताच्या रेलवर, तिरपा कट घेताना सॉ उलटू नये म्हणून एक जास्तीची पाळी असते, ती फेस्टूलच्या रेलवर मिळत नाही, एवढाच फरक. बॉश आणि माफेल यांची जात वेगळी, त्या दोघींचं आपसात जमतं. घ्यायच्या आधी रेलवरचा उंच कणा आणि तुमच्या सॉच्या बेसखालची खाच एकदा एकमेकांवर ठेवून बघा, दुकानातच कळेल.

नवखा_सुतार

धन्यवाद. मग मकिताची १९०० बघतो. लिफ्ट आमच्याकडे नाहीच.